मावशीचा पदर

शिबिराच्या पहिल्या दिवशी, चहा यायच्या आतच, कोणीतरी मला बाजूला घेऊन सांगतं, "मॅडम, मला काय सुचत नाही हं. आधीच सांगून ठेवते. लिहून द्या, पाठ करून घडाघडा म्हणते. पण मनानं बोल म्हणाला तर जमायचं नाही बघा." सांगताना चेहऱ्यावर संकोच नसतो. रक्तगट सांगावा तसं सांगतात. सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा, हौशी मंडळींना बतावणी शिकवायला मी जिथं जाते तिथं हे माणूस भेटतंच. कधी अंगणवाडी सेविका असते, कधी सूतगिरणीतला कामगार, कधी पतसंस्थेतला कॅशियर.

बतावणीला कागद नसतो. तमाशात गण झाला, गवळण झाली की सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर येतात आणि बोलायला लागतात. सरदार विचारतो, सोंगाड्या तिरकं उत्तर देतो आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो. पाण्याच्या पाळीवरून झालेलं भांडण, कारखान्याचं थकलेलं ऊसबिल, सरपंचाची नवी गाडी, ज्या गावात खेळ त्या गावाचं सगळं त्यात येतं. जुन्या फडांत वगसुद्धा लिहिलेला नसायचा. कथानक सांगितलं जायचं, कुणी कुठं यायचं ते ठरायचं, बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या जुळवायचं. पहिला वग म्हणून ज्याचं नाव घेतात तो ‘मोहना-बटाव’ उमा बाबाजी सावळजकरांचा, १८६५ च्या सुमाराचा. सावळज आमच्या तासगाव तालुक्यातलं. कवलापूरची काळू-बाळू ही जुळी भावंडं तर परवापरवापर्यंत हवालदाराच्या वेषात उभी राहून हजारोंना हसवत होती. ज्या मुलखात माणसं रात्र रात्र मनानं बोलली, तिथंच आता ‘लिहून द्या’ म्हणणाऱ्यांची रांग लागते, हे मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटत आलंय.

यावर हल्ली एक औषध निघालंय. व्याख्याते येतात, पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र लावतात आणि सांगतात, तुमच्या प्रत्येकाच्या आत एक कलाकार दडलेला आहे, त्याला फक्त बाहेर काढा. टाळ्या पडतात. त्यानंतर त्याच मंडळींतल्या एकाला पुढं बोलवावं आणि म्हणावं, चला, मी सरदार, तुम्ही सोंगाड्या, करा सुरू. सगळं सभागृह आपापल्या चपलांकडं बघायला लागतं. मला तर वाटतं, त्या व्याख्यानानं माणूस आधीपेक्षा जास्त आखडतो. आधी नुसतं सुचत नव्हतं. आता सगळ्यांच्या आत आहे म्हणतात, मग माझ्याच आतलं कुठं गेलं, ही वरची टोचणी.

अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली ‘मला हे जमेल’ हा भरवसा माणसात येतो कुठून, याची मांडणी केली. त्याच्या हिशेबात सगळ्यात पक्का भरवसा येतो तो स्वतः करून बघितल्यावर. मग आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना बघून. ‘तुला येईल रे’ असं कुणी सांगण्याचा नंबर त्याच्याही खाली. फडातल्या पोराचं शिक्षण नेमकं याच क्रमानं व्हायचं. आधी ते मागं झीलकऱ्यांत उभं राहून ‘जी जी रं जी’ ओढायचं. रोज तोच सोंगाड्या, तीच जागा, पण रोजचं बोलणं निराळं, हे पाठीमागून बघायचं. मग एखाद्या रात्री सोंगाड्याचा घसा बसला की त्याला पुढं ढकलायचे. ‘तुझ्यात कला आहे’ असं त्याला कुणी सांगितलेलं नसायचं. सांगायचे एवढंच, "हो पुढं, सरदार सांभाळून घेईल."

हे ‘सांभाळून घेईल’ महत्त्वाचं. २००२ मध्ये पामेला टियर्नी आणि स्टीव्हन फार्मर या दोघांनी कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या नोकरदारांचा याच अंगानं अभ्यास केला. ‘मी काही नवं करू शकतो’ असं कुणाला वाटतं आणि कुणाला वाटत नाही? त्यांना आढळलं की आपलं नेहमीचं काम आपल्याला नीट येतं ही खात्री असणाऱ्याला तसं वाटतं, आणि वरचा माणूस पाठीशी असेल तर वाटतं. बाकीही धागेदोरे होते, पण मला हे दोन पुरले. ऊस तोडणाऱ्याला उसाबद्दल बोलताना अडखळताना मी कधी पाहिलेलं नाही.

आता एका तलाठी अण्णांकडं येते. सांगलीतल्या शिबिराला आलेले, निवृत्त, बायकोनं ‘घरात बसून काय करताय’ म्हणून पाठवलेले. (नवीन नियमानं ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण ते स्वतःच तलाठी म्हणतात.) हाताची घडी, खिशाला दोन पेनं. सोंगाड्या म्हणून उभं केलं तर म्हणाले, "मी काय बोलू? माझी नोकरी सगळी नमुन्यात गेली. रकाना असेल तेवढंच लिहायचं. मनाचं लिहिलं की निलंबन." लोक हसले. ते विनोद म्हणून बोललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी गवळण घेतली. गवळणीत कृष्ण असतो, पेंद्या असतो, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी असतात आणि त्यांची म्होरकी मावशी असते. मावशी पुरुषानं करायची रीत. लुगडं नेसायचंही कारण नाही, डोक्यावरून एक पदर घेतला की झाली मावशी. मी माझी ओढणी अण्णांच्या डोक्यावर टाकली आणि बाजूला झाले. त्यांनी ती आधी दोन्ही कानांच्या मागं सारली. बरी बसेना म्हणून पुन्हा पुढं ओढली आणि एक टोक दातांत धरलं. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आई नाहीतर आजी कुठंतरी आत असणार. डावा हात कमरेवर गेला. मग घागर घेतलेल्या पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, दातांतलं टोक सोडत म्हणाले, "अगं बया, दूध घेऊन मथुरेला कशाला मरायला जातीस? गावच्या डेअरीत घाल की. फॅट जरा कमी लागंल, पण दिवाळीला बोनस तरी मिळंल!"

पुढची दहा-पंधरा मिनिटं अण्णा थांबले नाहीत. कंसाला दूध संघाचा चेअरमन केलं, यशोदेला बचत गटाची अध्यक्ष केलं, कृष्णाला लोणी चोरल्याबद्दल ग्रामसभेत उभं केलं. पदर काढला, घाम पुसला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "हे मी नाही हो बोललो. मावशी बोलली."

मला त्यांचं हे म्हणणं अगदी शब्दशः खरं वाटतं. ‘मला सुचत नाही’ हे मत अण्णांचं होतं आणि ते अण्णांबद्दलच होतं. मावशीबद्दल त्यांचं तसलं काही मत नव्हतं. मावशी बोलकी, आगाऊ, कुणालाही न भिणारी, हे सातारा-सांगलीतल्या कुठल्याही गावच्या जत्रेत लहानपण गेलेल्या माणसाला ठाऊक असतं. ते घटकाभर दुसऱ्या एकीचा भरवसा उसना घेऊन बोलले.

पुढं कधीतरी मला कळलं की हा प्रकार अमेरिकेत प्रयोग करून तपासलाय. डेनिस ड्युमास आणि केव्हिन डनबार या दोघांनी मेरीलंड विद्यापीठातले विद्यार्थी घेतले आणि त्यांना एकेका साध्या वस्तूचे जमतील तेवढे उपयोग सांगायला लावले. ही कसोटी जुनी आहे. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या काळापासून विटेचे उपयोग विचारत आलेत. नवं होतं ते असं, की काहींना आधी सांगितलं, तुम्ही एक लहरी कवी आहात असं समजा. काहींना सांगितलं, तुम्ही एक काटेकोर ग्रंथपाल आहात असं समजा. कवी झालेल्यांना जास्त उपयोग सुचले आणि वेगळेही सुचले. २०१६ साली हे छापून आलं. ग्रंथपालांनी राग मानू नये. माझ्या ओळखीचे दोन ग्रंथपाल कुठल्याही कवीला हसवून लोळवतील असे आहेत. पण प्रयोगातली मुलं ग्रंथपालाविषयी लोकांचा जो समज आहे तो अंगावर घेऊन बसली आणि डोकं तेवढंच चाललं. वीट तीच, मूल तसंच, समज तेवढा बदललेला.

आमच्याकडं हा प्रयोग करायला विद्यापीठ लागलं नाही. नाथांच्या भारुडात जोगवा मागायचा तर आधी जोगतीण व्हावं लागतं, आणि सोंगी भारूड गावोगाव अजून चालतं. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस भुत्या झाला की देवळासमोर पाटलालाही सुनावतो.

बायकांच्या बाबतीत तर मी हे फार जवळून बघितलंय. मावशी पुरुषाची खरी, पण माझ्या शिबिरात मी ती बायकांना देते. एक अंगणवाडी सेविका होती, सातारकडची, बोलायला उभी राहिली की आवाज विझायचा. पदर तर तिच्या डोक्यावर आधीपासूनच होता, घरची पद्धत. मी म्हटलं, हाच पदर, फक्त आता तो सुनेचा नाही, मावशीचा. तिनं तो काढला आणि पुन्हा घेतला. नुसतं पुन्हा घेतला. मग ती पोषण आहाराच्या मटकीवर जे काही बोलली, ते इथं छापलं तर तिच्या नोकरीवर येईल. सगळ्यांचं असं होतं असं समजू नका. काहींना सोंगाचीच लाज वाटते. काही पदराखालूनही पाठ केलेलंच बोलतात. सूतगिरणीतला एक जण तर मावशी झाल्यावर आधीपेक्षा गप्प झाला. त्याला शेवटी हलगी दिली, आणि ती त्यानं अशी वाजवली की बोलण्याचं नाव मी काढलं नाही.

पठ्ठे बापूरावांची गोष्ट मी शिबिरात हमखास सांगते. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ चा जन्म. गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पण हा मुलूख तेव्हा साताऱ्यात मोडायचा. १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि १९६० ला सांगली जिल्हा झाला. तर हे कुलकर्णी घरदार, जातगोत मागं ठेवून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. दोन लाख लावण्या केल्या, असा त्यांचा दावा. या आकड्याचा हिशेब कुणी मागू नये. साठ वर्षं एक दिवसही न चुकता रचायचं म्हटलं तरी रोजच्या नऊ पडतात. पण तो आकडा खरा मोजायचा नव्हताच. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात समोरचा शाहीर डफावर थाप मारून सवाल टाकतो, तेव्हा ‘मला सुचेल का’ असा विचार करायला सवड नसते. तिथं छाती काढून, लावणीच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफून उभं राहायचं असतं. ती फुशारकी कामाची होती, तुणतुण्याइतकीच. श्रीधरपंतांना ती शोभली नसती. पठ्ठे बापूरावांना शोभली.

आणि विष्णुदास भावे? सांगलीत राहून त्यांचं नाव न घेता चालायचं नाही, दरवर्षी ५ नोव्हेंबरला आम्ही रंगभूमी दिन साजरा करतो. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ बघितला आणि पदरच्या भाव्यांना सांगितलं, असं आपल्याकडं करा. भाव्यांचा हात बाहुल्या करण्यात चाललेला. त्यांच्या लाकडी बाहुल्या पुढं बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झालं. मला यात एक गंमत दिसते. आपल्याला नाटक येतं का, हे भाव्यांनी ताडून बघायचं तरी कशाशी? तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी मराठी नाटकं होऊन गेली होती, पण इकडं ती कुणाच्या गावी नव्हती. मोजायला पट्टीच नाही, मग कमी भरायची भीती कशाला? पद्यं भाव्यांची, ती सूत्रधार गाणार, आणि मधलं बोलणं पात्रांनी आपल्या मनानं करायचं. राक्षस ओरडत, आरोळ्या ठोकत यायचे, म्हणून पुढं लोक त्या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हसले. हसू देत. त्या अललडुर्रात नट स्वतः बोलत होता.

पुढं आमच्याच हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आले, आणि नाटक बांधेसूद झालं. देवलांची तालीम कडक. त्यांनी नटांना शब्द कुठं तोडायचा, कुठं उचलायचा ते शिकवलं, १८९९ ला ‘शारदा’ दिली. हरिपूरच्या रस्त्याला घर असलेल्या बाईनं देवलांविरुद्ध ब्र काढू नये, आणि मी काढतही नाही. पण लिहिलेलं नाटक आलं, तशी एक वाटणी पक्की झाली. सुचणं लेखकाचं, पाठांतर नटाचं, टाळ्या प्रेक्षकांच्या. शाळेच्या गॅदरिंगनं ती घरोघर नेली. बाईंनी वहीत उतरवून दिलेलं भाषण, ‘अध्यक्षमहाशय’पासून ‘जय हिंद’पर्यंत. रक्तगटासारखं ‘मला सुचत नाही’ सांगणाऱ्या माणसाची तपासणी बहुतेक तिथंच कधीतरी झालेली असते, तिसरी-चौथीत, एखादी ओळ विसरून मनानं दुसरी घातली म्हणून ओरडा खाल्ला तेव्हा.

याच्या नेमका उलटा माणूसही येतो, आणि मला तोच जास्त छळतो. अण्णांच्याच शिबिरात साताऱ्याचा एक मुलगा होता. कॉलेजच्या स्पर्धांत उत्स्फूर्त अभिनयाची बक्षिसं घेतलेला, आवाज खणखणीत, चालण्यात ऐट. मला काय वाटेल ते सुचतं, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सुचायचंही. अडचण एवढीच की समोरच्यानं काय विचारलं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नसायचं. सरदार म्हणायचा, "पाऊस कसा काय तुमच्याकडं?" आणि हा मोबाइलच्या रेंजवरचा तयार विनोद काढायचा. लोक हसायचे. सरदार झालेला बिचारा पुढचा प्रश्न कुठून काढणार? बतावणी दोन वाक्यांत मरायची, आणि मुलगा हशा मोजत आत यायचा.

अभ्यासकही सांगतात की स्वतःला कल्पक समजणं आणि खरोखर कल्पक काम हातून होणं यांचा संबंध आहे, पण तो काही घट्ट गाठीचा नाही. अधूनमधून सैल सुटतो. या पोराचा सुटला होता. बतावणीत सुचतं ते कानातून. समोरच्याचा शब्द पकडायचा, उलटा करायचा, परत द्यायचा. आपल्यात आहेच, अशी ज्याची खात्री पटलेली असते तो ऐकायचं सोडतो. आपल्यात नाहीच, अशी खात्री असलेलाही ऐकत नसतो, कारण आपलं काय होणार या धास्तीनं त्याचे कान भरलेले असतात. पोराची हवा काढावी, असं मला बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. हवा काढलेलं पोर बतावणी करत नाही, कोपऱ्यात बसतं.

शिबिराच्या शेवटी खेळ ठरला. अण्णा आले ते ओढणी मागायलाच. "मॅडम, मावशी मलाच द्या." पुढचं सगळं आयुष्य मावशी म्हणून काढायची त्यांची तयारी दिसत होती. मी म्हटलं, नाही, तुम्ही सरदार. समोर पेंद्या म्हणून साताऱ्याचा मुलगा. अण्णांचा चेहरा पडला. "सरदाराला तोंड झाकायला काय नसतं हो."

"सरदाराला विनोद करायचा नसतो, अण्णा," मी म्हटलं. "त्यानं नुसतं विचारायचं असतं. पस्तीस-छत्तीस वर्षं काय विचारत होता लोकांना, तेच विचारा."

ते रात्रभर काय करत होते कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी खेळाला फेटा बांधून आले आणि फेट्याखाली, सदऱ्याच्या खिशाला, तीच दोन पेनं. पेंद्या झोकात आला. पहिलाच तयार विनोद तोंडात घेऊन आला होता, ते दिसत होतं.

"नाव काय?" अण्णा.

"पेंद्या! देवाचा जिवाभावाचा दोस्त..."

"पूर्ण नाव सांगायचं. आधी आडनाव."

पोरगं थबकलं. अण्णांनी खिशातलं एक पेन काढलं.

"राहणार?"

"गोकुळ."

"मौजे गोकुळ. तालुका?"

"तालुका... मथुरा?"

"विचारतोस काय, सांग. यमुनेकाठची जमीन कुणाच्या कब्ज्यात? गट नंबर?"

लोक हसत होते, पण अण्णा हसत नव्हते. त्यांच्यापुढं खरोखरच खातेदार उभा होता. मुलाचा तयार विनोद कुठल्या कुठं गेला होता आणि तो पहिल्यांदा समोरच्याच्या तोंडाकडं बघत होता, पुढं काय येतंय म्हणून.

"तुझा तो कृष्ण. जन्म एका घरात, वाढला दुसऱ्याच घरात. मग वारस कुणाला लागतो, वसुदेवाला का नंदाला? दत्तकपत्र केलंय का? फेरफार झालाय का? का नुसतं देव म्हणून फिरतोय गावभर?"

पेंद्यानं कमरेवरची घोंगडी सावरली, एकदा प्रेक्षकांकडं बघितलं, एकदा त्या पेनाकडं बघितलं.

"आवो सरदार, नोंद घालायला देव स्वतः तीनदा गेला हुता. पर तलाठी जाग्यावर घावंल तर ना!"